एमआरच्या फिरतीची आपोआप नोंद: कोणतं अ‍ॅप घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही औषध कंपनीत एमआर (डॉक्टरांना भेटणारे वैद्यकीय प्रतिनिधी), मुख्यालय कोल्हापूर, फिरती मोटरसायकलवर, फोन अँड्रॉइड. पूर्वी महिनाअखेरीला संगणकावर गूगल मॅप्सची टाइमलाइन उघडायचात, कुठल्या तारखेला कुठे होतो ते बघायचात आणि त्यावरून एक्स्पेन्स स्टेटमेंट भरायचात. संगणकावरची ती सोय गेली. मध्ये फोन बदलला, त्यात जुनंही दिसेनासं झालं. आता असं अ‍ॅप हवंय जे काही न दाबता दिवसभराची ठिकाणं, प्रवास आणि पावलं नोंदवेल, बॅटरी खाणार नाही आणि शक्यतो फुकट असेल. जुना डेटा परत मिळेल का, हेही विचारलंय, आणि कंपनीच्या अ‍ॅपवर भरवसा नाही, असंही लिहिलंय.

मी लोकेशनवर चालणाऱ्या मोबाइल सॉफ्टवेअरच्या कामात बरीच वर्षं आहे. डिलिव्हरीवाले, सर्वेक्षण करणारे, फिरते विक्रेते अशा सगळ्यांचे फोन हाताळून झालेत. म्हणून उत्तर आधी देतो. गूगल मॅप्सची टाइमलाइन सोडू नका, पण तिच्या भरवशावरही राहू नका. दर महिन्याला तिची फाइल बाहेर काढून स्वतःकडे ठेवा. किलोमीटरवरून ऑफिसशी वाद होत असतील तर जोडीला जीपीएसलॉगर हे रस्ता नोंदवणारं अ‍ॅप घ्या. पावलं तिसऱ्याच अ‍ॅपकडे सोपवा. आणि कुठल्या डॉक्टरांना भेटलो हे अ‍ॅपला आपोआप कळेल, ही आशा सोडून द्या.

या शेवटच्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेकांचा हिरमोड तिथेच होतो. राजारामपुरीतली एखादी इमारत डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर बँक आणि मेडिकल, पहिल्यावर पॅथॉलॉजी लॅब, दुसऱ्यावर बालरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ, तिसऱ्यावर दातांचा दवाखाना. तुम्ही साडेअकराला आत गेलात, तीन कॉल केले, म्हणजे तीन डॉक्टरांना भेटलात, पाऊण वाजता बाहेर आलात. टाइमलाइनवर दिसणार: बँक, 1 तास 15 मिनिटं. फोनला मजला कळत नाही. काँक्रीटच्या आत शिरल्यावर उपग्रहांचा सिग्नल जेमतेम मिळतो, मग फोन आजूबाजूचे वाय-फाय राउटर आणि मोबाइल टॉवर बघून अंदाज बांधतो आणि त्या वर्तुळात नकाशावर जे ठिकाण जास्त ठळक, त्याचं नाव चिकटवतो. कुठलंही अ‍ॅप घ्या, पैसे मोजून घ्या, हे बदलत नाही. एखाद्या ठिकाणाभोवती आखलेल्या अदृश्य कुंपणात फोन शिरला की नोंद करायची, ही युक्ती पुष्कळ अ‍ॅप वापरतात; त्या कुंपणाची त्रिज्या किमान 100 ते 150 मीटर ठेवा, असं अँड्रॉइडच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतच म्हटलंय. राजारामपुरीत एवढ्या त्रिज्येत शेजारची गल्लीही येते आणि तिथले दवाखानेही. तेव्हा डीसीआरमधली, म्हणजे रोजच्या भेटींच्या अहवालातली, नावं तुम्हालाच भरायची आहेत. अ‍ॅपकडून फक्त एवढं घ्या: अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक भागात होतो.

वाय-फायवरून आठवलं. नवीन घरात राहायला गेल्यावर पहिले काही दिवस टाइमलाइन तुम्हाला अधूनमधून जुन्या घरी दाखवते. त्यात भुताटकी नाही. राउटर तुम्ही सोबत नेलेला असतो आणि गूगलच्या नोंदीत तो अजून जुन्या पत्त्यावरच असतो. तिथून जाणारे-येणारे फोन नवी जागा कळवतात तसं ते आपोआप सुधारतं.

दुसरा गैरसमज रेंजचा. चंदगडच्या पुढे नेटवर्क जातं म्हणून नोंदही बंद पडते, असं अनेकांना वाटतं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांचा सिग्नल नुसता ऐकतो. इंटरनेट असलं तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती पटकन मिळते, नसलं तर तीच माहिती उपग्रहाकडून मिळवायला अर्धा मिनिट किंवा जास्त लागतं, इतकाच फरक. उघड्या रस्त्यावर जंगलपट्टीतसुद्धा नोंद व्यवस्थित होते. रेंज गेल्यावर नोंद थांबत असेल, तर ते अ‍ॅप प्रत्येक ठिपका सर्व्हरवर पाठवायच्या नादात आहे असं समजा. असं अ‍ॅप काढून टाका.

आता किलोमीटर. इथे दोन उलट्या चुका एकाच वेळी होतात. बॅटरी वाचवणारं अ‍ॅप प्रवासात थोड्या थोड्या वेळाने ठिपका घेतं आणि ठिपके सरळ रेषेने जोडतं. मिनिटाला एक ठिपका धरला, तर ताशी 30 किलोमीटर वेगाने दोन ठिपक्यांमध्ये अर्धा किलोमीटर जातो. हायवेवर याने काही बिघडत नाही. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मात्र त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये दोन-तीन वळणं असतात आणि रेषा ती सगळी कापून दरीवरून सरळ जाते. अंतर कमी भरतं. याउलट दवाखान्याच्या वेटिंगमध्ये तासभर बसलात, तर फोन जागचा हलत नाही, पण ठिपका इमारतीभोवती भिरभिरत राहतो. कच्च्या नोंदीत ती सगळी भिरभिर चालणं म्हणून जमा होते. अंतर जास्त भरतं. बेरीज शेवटी बरोबर येते असं कुणी सांगितलं, तर तो योगायोग आहे. मुख्यालय, एक्स-स्टेशन (बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परत) आणि आउटस्टेशन (बाहेरगावी मुक्काम) यांच्या भत्त्याला किलोमीटर बहुतेक कंपन्यांत ठरलेल्या तक्त्यावरूनच धरतात, त्यामुळे तुम्हाला पुरावा हवा असतो तो त्या गावाला गेलो होतो याचा. त्यासाठी टाइमलाइन पुरते. खरंच मोजलेलं अंतर द्यावं लागत असेल, तर गाडीच्या मीटरचा सकाळ-संध्याकाळ फोटो कुठल्याही अ‍ॅपहून भरवशाचा. फोटोसोबत तारीख आणि वेळही आपोआप नोंदली जाते.

पावलं वेगळ्या अ‍ॅपकडे का, तर त्यांचं यंत्रच वेगळं आहे. फोनमधला अगदी कमी बॅटरीवर चालणारा पाऊलमोजणीचा भाग 2013 सालचा: आयफोन 5एसमध्ये त्यासाठी वेगळी चिप आली आणि अँड्रॉइड 4.4 पासून हार्डवेअरवर पावलं मोजायची सोय झाली. ही मोजणी चोवीस तास चालू असते आणि तिला लोकेशन लागतच नाही. सॅमसंगचा फोन असेल तर सॅमसंग हेल्थ, नाहीतर फोनबरोबर आलेलं कुठलंही आरोग्याचं अ‍ॅप चालेल. ते हेल्थ कनेक्टला जोडून ठेवा. अँड्रॉइड 14 पासून ते फोनमध्येच असतं आणि निरनिराळ्या अ‍ॅपची आकडेवारी फोनवरच एका जागी ठेवतं, म्हणजे उद्या अ‍ॅप बदललं तरी आकडे तुमच्याकडे राहतात. एक सूचना: खडबडीत रस्त्यावर मोटरसायकल चालवताना खिशातला फोन धक्क्यांनाही पावलं समजू शकतो. गडहिंग्लजला जाऊन आल्याच्या दिवशी पावलं अचानक भरपूर दिसली, तर घरी लगेच फुशारकी मारू नका.

वाहन ओळखण्याचंही असंच. फोन हादऱ्यांचा नमुना आणि वेग बघून चालणं, धावणं, सायकल, गाडी, थांबलेला असं ठरवतो. मोटरसायकल हे त्याचं दुखणं आहे. महाद्वार रोडच्या गर्दीत संथ चाललात की ती सायकल होते, हायवेवर कार होते. दिवसातून एकदा बोटाने दुरुस्त करता येतं, पण खरं सांगू का, करू नका. त्या माहितीचा तुम्हाला काही उपयोग नाही आणि असली रोजची दुरुस्ती करायला लागलात की दोन आठवड्यांत कंटाळून सगळंच बंद कराल.

मग निवड कशावर करायची? माझ्या लेखी एकाच गोष्टीवर: नोंद कुठे साठते आणि ती फाइलच्या रूपात बाहेर काढता येते का. बाकी रंगीत आलेख, बिल्ले, वर्षअखेरीचे सुंदर नकाशे हे सगळं त्यानंतर. मूव्ह्ज नावाचं एक अ‍ॅप होतं, फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या एका छोट्या कंपनीचं. जानेवारी 2013 मध्ये आलं. काही न दाबता दिवसभराची ठिकाणं आणि चालणं नोंदवायचं, दिसायला इतकं देखणं की अजून जुने लोक त्याची आठवण काढतात. एप्रिल 2014 मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली आणि 31 जुलै 2018 ला अ‍ॅप बंद केलं. ज्यांनी आपल्या फाइली वेळेत उतरवून घेतल्या त्यांची वर्षं वाचली. आयफोनवरचं आर्क हे अ‍ॅप पुढे त्याच फाइली आत घेऊ लागलं. ज्यांनी नाही उतरवल्या, त्यांची गेली. फोरस्क्वेअरचं शहर दाखवणारं अ‍ॅपही डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं; त्यांचं स्वार्म मात्र चालू आहे. या धंद्यात अ‍ॅप जन्माला येतात आणि जातात, त्यात रडण्यासारखं काही नाही. फाइल हाताशी असली म्हणजे झालं.

गूगलचंही तेच झालं, फक्त दुकान बंद न होता. टाइमलाइन 2015 मध्ये आली आणि सगळी नोंद गूगलच्या सर्व्हरवर राहायची, म्हणून तुम्हाला ती संगणकावर दिसायची. डिसेंबर 2023 मध्ये गूगलने जाहीर केलं की ही नोंद आता प्रत्येकाच्या फोनवरच राहील. मग टप्प्याटप्प्याने लोकांना मुदत दिली आणि संगणकावरची टाइमलाइन बंद केली. खाजगीपणाच्या दृष्टीने हा बदल चांगलाच आहे. अमेरिकेत पोलीस गूगलकडे अमुक वेळी अमुक भागात असलेल्या सगळ्या फोनांची यादी मागायचे. फोनवरच राहिलेल्या नोंदीतून अशी यादी गूगलला काढून देता येत नाही. पण वापरणाऱ्याच्या डोक्यावर एक नवी जबाबदारी आली, ती फारशी कुणी समजावून सांगितली नाही. फोन हरवला, फुटला, सर्व्हिस सेंटरने रीसेट केला की नोंद गेली. मार्च 2025 मध्ये तर गूगलच्याच तांत्रिक बिघाडामुळे काही लोकांच्या फोनवरची टाइमलाइन पुसली गेली, आणि ज्यांनी बॅकअप चालू ठेवला होता त्यांनाच ती परत मिळाली.

म्हणून आज संध्याकाळी एवढं करा. गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टॅप करून टाइमलाइन उघडा. वर ढगाचं चिन्ह दिसेल, तिथे बॅकअप चालू करा. मग सेटिंगमध्ये आपोआप पुसण्याचा पर्याय बघा. नव्याने सुरू करणाऱ्यांना तो तीन महिन्यांवर लावून मिळतो, म्हणजे मार्चच्या क्लेमबद्दल ऑफिसने जुलैत विचारलं तर तुमच्याकडे काहीच नसतं. तो बंद करा, किंवा निदान 18 किंवा 36 महिन्यांवर न्या. तिसरं काम मॅप्समध्ये नाही, फोनच्या सेटिंगमध्ये आहे: लोकेशन, त्यात लोकेशन सर्व्हिसेस, त्यात टाइमलाइन, आणि तिथे टाइमलाइन डेटा एक्स्पोर्ट करण्याचं बटण. एक जेसन फाइल (साध्या मजकुरातली माहितीची फाइल) तयार होते. दर महिन्याच्या एक तारखेला ती काढायची, नावात महिना टाकायचा आणि स्वतःलाच ईमेल करायची किंवा पेन ड्राइव्हवर टाकायची. बॅकअप असताना हे कशाला, असं विचाराल. बॅकअप गूगलच्या घरात आहे आणि तो गूगल मॅप्समध्येच उघडतो. फाइल तुमच्या घरात आहे.

ती फाइल एकदा उघडून बघाच, डोळे उघडतात. प्रत्येक मुक्कामाला सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते, शेवटी +05:30 असं भारतीय वेळेचं शेपूट. मग अक्षांश-रेखांश, म्हणजे 16.69 आणि 74.24 च्या आसपासचे आकडे. दशांशानंतरचा पाचवा अंक साधारण एक मीटरचा असतो, पण अंक लांबलचक दिसला म्हणून नोंद तितकी अचूक असते असं नाही. त्याच्या शेजारी संभाव्यतेचा एक आकडा असतो, शून्य ते एकच्या मधला. तुम्ही त्या जागी होतात याची फोनला किती खात्री वाटते, ते त्यातून कळतं. अ‍ॅपमध्ये तुम्हाला बँकेचं नाव ठसठशीत दिसतं. फाइलीत कळतं की तो 0.4 चा अंदाज होता. आणखी एक गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते: या फाइलीत ठिकाणाचं नाव नसतं, गूगलने त्या जागेला दिलेला सांकेतिक क्रमांक असतो. त्यामुळे महत्त्वाच्या दवाखान्यांची नावं आणि अक्षांश-रेखांश अशी एक यादी एक्सेलमध्ये एकदा करून ठेवा. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत, म्हणजे बाहेरची फाइल आत घ्यायच्या सोयीत, जेसन फाइल उघडते. तुम्हाला जमलं नाही तर कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला बसवा, एका दुपारचं काम आहे.

आता खरी कटकट, म्हणजे फोनच्या सेटिंगची. अ‍ॅप नोंदी गाळतं, फालतू आहे, अशा तक्रारी घेऊन जे लोक येतात, त्यातल्या बहुतेकांचं अ‍ॅप ठीक असतं. फोनने त्याला झोपवलेलं असतं. अँड्रॉइडने 2017 पासून, म्हणजे आठव्या आवृत्तीपासून, मागे चालणाऱ्या अ‍ॅपला तासातून काही वेळाच लोकेशन द्यायचं धोरण ठेवलंय. त्यावर शाओमी, विवो, ओपो, रिअलमी, वनप्लस, सॅमसंग हे आपापल्या परीने आणखी घट्ट कात्री लावतात, कारण बॅटरी दिवसभर टिकते या वाक्यावर फोन विकला जातो. तेव्हा कुठलंही नोंदीचं अ‍ॅप घेतलंत तरी चार ठिकाणी बोट फिरवायला हवं.

लोकेशनची परवानगी नेहमी चालू अशी द्या. अँड्रॉइड 11 पासून अ‍ॅप विचारतं त्या चौकटीत हा पर्याय येतच नाही. सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या पानावर जाऊन हाताने निवडावा लागतो, आणि नव्वद टक्के घोटाळा इथेच असतो असं म्हटलं तरी चालेल. तिथेच अचूक लोकेशनचं बटण चालू आहे का बघा. ते बंद असेल तर अ‍ॅपला फक्त अंदाजे भाग कळतो आणि तुम्ही दिवसभर ताराराणी चौकातच होतात असं दिसेल. मग बॅटरीच्या पानावर त्या अ‍ॅपवरचं बंधन काढा. शाओमीसारख्या फोनवर ऑटोस्टार्ट वेगळं चालू करावं लागतं, नाहीतर फोन रीस्टार्ट झाला की नोंद बंद, आणि तुम्हाला कळणार चार दिवसांनी. शेवटची गोष्ट कुणालाच माहीत नसते: बरेच महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या अँड्रॉइड स्वतःहून काढून घेतं. आपोआप नोंद करणारं अ‍ॅप उघडायची गरजच पडत नाही हे त्याचं वैशिष्ट्य, आणि नेमकं त्यासाठीच त्याला शिक्षा होते. वापरात नसल्यास परवानगी काढा अशा अर्थाचं एक बटण अ‍ॅपच्या पानावर तळाशी असतं, ते बंद करा. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की हे सगळं पुन्हा एकदा तपासा.

जोडीला जीपीएसलॉगर घ्यायचं असेल तर ते एफ-ड्रॉइडवर (मुक्त स्रोत अ‍ॅपच्या दुकानात) मिळतं, फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. दिसायला रुक्ष. रोजची एक जीपीएक्स फाइल (वेळेसह ठिपक्यांची यादी) फोनमध्ये लिहितं आणि सांगितलंत तर ती ईमेलने किंवा ड्रॉपबॉक्सवर आपोआप पाठवतं. तुमच्या कामाला मी दर 15 सेकंदांनी ठिपका, दोन ठिपक्यांत किमान 20 मीटर अंतर, आणि 40 मीटरपेक्षा जास्त चुकीचा ठिपका घ्यायचा नाही, असं लावेन. आठ तासांत जास्तीत जास्त 1,920 ठिपके होतात, फाइल काहीशे केबीची. घाटातली वळणं यात नीट उमटतात आणि वेटिंगमधली भिरभिर पुष्कळशी गाळली जाते. बॅटरी टाइमलाइनपेक्षा जास्त जाते हे उघड आहे; म्हणून हे आउटस्टेशनच्या दिवशीच चालू करा. यात चालू नोंदीला मध्येच चार शब्द जोडायची सोय आहे. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर डॉक्टरांचं नाव टाकलंत की ते वेळ आणि जागेसह फाइलीत बसतं. आपोआप आणि हाताने यांच्या मधली ही वाट एमआरसाठी सगळ्यात कामाची, कारण संध्याकाळी डीसीआर भरताना नेमका तिसरा कॉलच आठवत नाही.

बाकीच्या अ‍ॅपबद्दल फार वेळ घेत नाही. ओनट्रॅक्स आणि डावारिच चांगली आहेत, पण घरी किंवा भाड्याने स्वतःचा सर्व्हर चालवायची हौस असेल तरच. आर्क आयफोनसाठी, तुम्हाला लागू नाही. आयफोनवाल्यांनी मात्र आधी तेच बघावं, वाहन ओळखायला ते तुमच्या दुरुस्त्यांवरून शिकत जातं. आयफोनच्या नव्या आवृत्तीत अ‍ॅपलचे नकाशेही भेट दिलेली ठिकाणं ठेवतात. स्वार्ममध्ये प्रत्येक ठिकाणी आपण हजेरी लावायची, म्हणजे ते आपोआप नाही. स्ट्राव्हा व्यायामासाठी, सुरू आणि बंद आपण करायचं. घरच्यांना एकमेकांचं ठिकाण दाखवणारी अ‍ॅप या कामाची नाहीत. त्यातल्या लाइफ360 बद्दल डिसेंबर 2021 मध्ये बातमी आली होती की ती कंपनी ग्राहकांचं अचूक लोकेशन दलालांना विकते. पुढच्याच महिन्यात त्यांनी अशी विक्री थांबवत असल्याचं सांगितलं. प्ले स्टोअरवर अनोळखी नावाचं, जाहिरातींनी भरलेलं, संपर्कयादीही मागणारं लोकेशन डायरीचं अ‍ॅप दिसलं, तर त्याची कमाई कशातून होते हा प्रश्न स्वतःला विचारा. माझं घर कुठे, मुलांची शाळा कुठे, रात्री फोन कुठे झोपतो, हे सगळं एका आठवड्याच्या नोंदीतून कुणालाही वाचता येतं.

कंपनीच्या अ‍ॅपवर भरवसा नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा. कंपनीला हवं ते कंपनीच्या अ‍ॅपमधून जाऊ दे, आणि कामाची वेळ संपल्यावर त्याची परवानगी फक्त अ‍ॅप वापरताना अशी करता येते का, हे एचआरला लेखी विचारा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवायही डेटा वापरायची वाट मालकाला ठेवली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यामुळे माझी संमतीच नव्हती, एवढ्यावर भांडण जिंकता येईल असं धरून चालू नका. पण सतत माग काढणं ही साधी गोष्ट नाही, हे आपल्याकडे न्यायालयानेही म्हटलंय: जामिनावर सुटलेल्या आरोपीने मोबाइलवरून आपलं लोकेशन तपास अधिकाऱ्याला सतत दिसत ठेवावं, ही अट सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये खाजगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवून काढायला लावली. न्यायमूर्ती अभय ओक त्या खंडपीठावर होते. तुमची स्वतःची टाइमलाइन साहेबांना दाखवायची वेळ आली, तर त्या दिवसाचा स्क्रीनशॉट द्या, पूर्ण फाइल कधीच नाही. आणि ठिकाण खोटं दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नका. कुणी ना कुणी सहकारी ते सुचवेलच. लोकेशन खोटं आहे ही खूण अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला देतं, आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ती बघितली जाते.

गूगलबाबतही एक गोष्ट माहीत असू द्या. टाइमलाइन बंद केली म्हणजे गूगलकडे ठिकाण जाणं थांबलं, असं होत नाही. वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी हे वेगळं बटण आहे आणि त्यातूनही ठिकाणं साठायची. 2018 मध्ये एपी वृत्तसंस्थेने हे उघड केलं आणि 2022 मध्ये गूगलने अमेरिकेतल्या 40 राज्यांशी 39.15 कोटी डॉलरची तडजोड केली. तुम्हाला नको असेल तर तेही बघून बंद करा.

सगळं लावून झाल्यावर पहिले तीन दिवस खिशातल्या डायरीत वेळेसह ठिकाणं हाताने लिहा आणि रात्री टाइमलाइनशी ताडून बघा. एक दिवस शहरातला, एक इचलकरंजी-जयसिंगपूरचा, एक लांबचा. कुठे गळतं ते लगेच दिसेल. सकाळी घरातून निघाल्याची नोंदच उशिरा पडत असेल तर परवानगीत घोळ आहे. दुपारनंतर सगळं गायब होत असेल तर बॅटरी सेव्हर लागतो आहे.

राहिला जुना डेटा. आधी नव्या फोनवर टाइमलाइनमधल्या त्या ढगाच्या चिन्हावर टॅप करून जुन्या फोनच्या नावाने बॅकअप आहे का बघा. असला तर तिथूनच आत घेता येतो. जुना फोन अजून घरात पडलेला असेल आणि रीसेट केलेला नसेल, तर तो चार्ज करून, त्याच खात्याने मॅप्स उघडून बघा, पुष्कळदा नोंद तिथेच असते. बॅकअप तिथून चालू करा. पूर्वी कधी गूगल टेकआउट वापरून स्वतःचा डेटा उतरवला असेल तर ती झिप फाइल शोधा, तिच्यात जुनी लोकेशन हिस्टरी असते आणि डावारिचसारखी साधनं ती वाचतात. यातलं काहीच नसेल तर सर्व्हरवरची जुनी नोंद मुदतीनंतर पुसली गेली आहे, ती येणार नाही. एखाद्या विशिष्ट महिन्याचाच हिशेब अडला असेल तर तो इतर खुणांवरून जुळवता येतो: फोनमधल्या फोटोंना जागा आणि वेळ चिकटलेली असते, पेट्रोल पंपावरचं यूपीआय पेमेंट बँकेच्या उताऱ्यात असतं, आणि पुण्याच्या मीटिंगला कारने गेला असाल तर किणी आणि तासवडे टोलनाक्यांच्या वेळा फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये मिळतील.